टीपीएस म्हणजे मायलेजचा स्क्रू नव्हे

पेरणीच्या तोंडावर गाड्या कामाला लागल्या की गावच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतो: “बीएस-६ गाडी स्लोवर बंद पडते, झटके खाते, पेट्रोल जास्त पिते? थ्रॉटल बॉडीवरच्या टीपीएसचे स्क्रू ढिले करा, सेन्सर थोडा मागे फिरवा, चावी ऑन करून ॲक्सिलरेटर तीनदा पिळा. सेन्सर रिसेट, मायलेज वाढलं.” यातलं जवळपास सगळं चुकीचं आहे.

टीपीएस म्हणजे थ्रॉटल पोझिशन सेन्सर. तो ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, एवढंच सांगतो की थ्रॉटलची (इंजिनात हवा सोडणारी) पाकळी किती उघडली. बहुतेक गाड्यांत तो जुन्या रेडिओच्या व्हॉल्यूमसारखा असतो: आत एक पट्टी, तिच्यावर घासत फिरणारा काटा. तीन वायरी. एकीवर ५ व्होल्ट, एक अर्थ (अर्थिंगची), तिसरी सिग्नलची. पाकळी बंद असताना सिग्नल साधारण ०.५ ते ०.७ व्होल्ट, पूर्ण उघडी असताना ४ च्या आसपास. पक्का आकडा त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलचाच धरायचा.

“मागे फिरवला की पेट्रोल कमी.” सायलेन्सरच्या पाइपातला ऑक्सिजन सेन्सर कशासाठी आहे मग? हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ झालं, म्हणजे पेट्रोल कमी पडलं, की तो सांगतो आणि ईसीयू पेट्रोल पुन्हा वाढवतो. म्हणजे सरळ चालीत फायदा शून्य. चढावर किंवा जोरात रेस दिल्यावर मात्र ईसीयू ऑक्सिजन सेन्सरचं न ऐकता आत आधीच भरलेल्या पेट्रोलच्या तक्त्यावर (मॅपवर) चालतो. तिथे इंजिन अडखळतं आणि तापतं. फारच मागे नेला तर चेक लाइट लागते. उलट, चुकून पुढे सरकला तर पाकळी बंद आहे हेच ईसीयूला कळत नाही. मग रेस सोडल्यावर उतारावर बंद व्हायचं पेट्रोल चालूच राहतं, म्हणजे खर्च वाढतो.

“स्क्रू ढिले करा.” आधी भोकं बघा. भोक लांबट असेल तरच सेन्सर फिरवायचा असतो. गोल असेल तर तो कारखान्यातूनच बसवलेला. अनेक १००-१२५ सीसी गाड्यांत टीपीएस, हवेचं तापमान आणि दाब मोजणारे सेन्सर एकाच डबीत असतात; ती उघडायचीच नाही. रंगाचा ठिपका दिलेला थ्रॉटल स्टॉपचा (पाकळी बंद होताना कुठे थांबते ते ठरवणारा) स्क्रू तर कुठल्याच गाडीत छेडू नका.

“तीनदा पिळा, रिसेट.” रिसेटची पद्धत मॉडेलागणिक वेगळी, काहींना स्कॅनर लागतो, काहींत तपासणीचा (डायग्नोस्टिक) कपलर, म्हणजे वायरींचा जोड, जोडावा लागतो. आणि झिजलेली पट्टी कुठल्याच रिसेटने भरून येत नाही.

“स्लोवर बंद पडते म्हणजे टीपीएसच.” इथेच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. पांदण रस्त्याचा फुफाटा एअर फिल्टरात बसतो, पाकळीच्या कडेला आणि स्लोच्या (आयडलच्या) हवेच्या वाटेत काजळी धरते. स्लोची तक्रार बहुतेक वेळा तिथलीच. ॲक्सिलरेटर केबलचा ढिलेपणा मुठीवर २ ते ६ मिमी हवा. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, रेस वाढता कामा नये. वॉशिंग सेंटरच्या प्रेशरने कपलरमध्ये पाणी जातं. घरात कापूस भरलेला असेल आणि गाडी त्याच खोलीत लागत असेल, तर उंदरांनी वायर कुरतडली का तेही बघा. टीपीएसचं खरं लक्षण वेगळं: मूठ ठरावीक जागी आली की, आणि दर वेळी तिथेच, झटका. रोजच्या चालीत काटा थोड्याशाच जागेत घासतो, म्हणून पट्टी तिथेच झिजते.

तपासायचं असं. मीटर २० व्होल्ट डीसीवर, चावी ऑन, इंजिन बंद, कपलर जोडलेला. टाचणी कपलरच्या मागून वायरीच्या कडेने आत सरकवा. वायर टोचू नका; त्या भोकातून पावसाचं पाणी शिरतं आणि तांबं हिरवं पडतं. ५ व्होल्टच्या वायरीवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट हवे. सेन्सरची अर्थ आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांत जवळपास शून्य. यातलं एक जरी चुकलं तर आधी वायरिंग बघा, सेन्सरला हात लावू नका. मग सिग्नलवर मीटर ठेवून मूठ आठ-दहा सेकंद घेत हळू उघडा. आकडा न अडखळता चढला पाहिजे. डिजिटल मीटर संथ असतो, आकडा क्षणभर पडला तर ते त्याला दिसत नाही. काट्याचा जुना मीटर इथे सरस. इंजिन गरम झाल्यावर पुन्हा एकदा बघा, काही सेन्सर तापल्यावरच दगा देतात.

भोक लांबट आहे आणि आकडा खरंच सरकलेला आहे, तर आधी सेन्सर आणि बॉडीवर मिळून एक ओरखडा मारा. स्क्रू अर्धा फेराच ढिले. मीटरवर नजर ठेवून केसभर फिरवा, मॅन्युअलचा आकडा आला की बेताने आवळा. आवळताना सेन्सर हमखास सरकतो, म्हणून मूठ चार-पाच वेळा झटक्यात सोडून परत मोजा. आकडा जागेवर, पाकळी स्वच्छ आणि तरी गाडी मिसिंग मारते? मग प्लग काढून बघा.