बाटली उचलण्याआधी जागा लिहून ठेवा

जुन्या बाटल्या उकरून काढायचा नाद आता आपल्या साताऱ्यातही दिसायला लागलाय. जुना वाडा पडला, बंगल्याच्या मागची जागा सपाट करायला जेसीबी लागला, की दोन-चार पोरं कुदळ-घमेलं घेऊन तिथं हजर. मग गोळीच्या सोड्याची बाटली, चिनी मातीची बरणी, निळ्या नक्षीच्या बशीचा तुकडा घासूनपुसून ऑनलाइन विकायला. "ब्रिटिशकालीन, दुर्मिळ" एवढंच लिहिलेलं असतं. कुठं सापडली? तर "सातारा साइड".

या नादाला माझा विरोध नाही, मला स्वतःलाही तो आहे. माझं भांडण त्या "सातारा साइड"शी आहे. बाटली कोणत्या गावात, कुणाच्या परड्यात, किती खोलीवर आणि कशाच्या शेजारी सापडली हे गेलं, तर हातात फक्त काच उरते.

आपल्याकडं अख्खी बाटली सापडणं मुळातच अवघड आहे, कारण आपली माणसं बाटली टाकतच नसत. रॉकेल आणायला बाटली, गोडेतेलाला बाटली. दवाखान्यात जाताना घरचीच बाटली न्यायची, कंपाउंडर त्यात लाल मिक्श्चर भरून डोसाच्या खुणांची कातरलेली कागदी पट्टी चिकटवून द्यायचा. तडकली तरच ती भंगारात जायची. आणि गावचा उकिरडा तरी कुठं एका जागी राहायचा? पावसाळ्याआधी गाडीत भरून रानात. शेणखताबरोबर फुटकी मडकी, बांगड्यांचे तुकडे सगळं शेतात पसरायचं. माण-खटावकडं नांगरलेल्या रानात खापऱ्या दिसतात, त्यातल्या कित्येक अशाच खतातून आलेल्या. पिढ्यानपिढ्यांचा कचरा आपण नांगराखाली घातलाय, एका खड्ड्यात तो शोधून मिळायचा नाही.

अख्ख्या बाटल्या मिळतात त्या साहेबांच्या वस्तीजवळ. सातारचं राज्य १८४८ साली खालसा झालं, पण महाबळेश्वरला बंगले त्याच्याही आधी, मुंबईचा गव्हर्नर माल्कम याच्या काळात १८२८-२९ च्या सुमारास उभे राहायला लागले होते. पुढं पाचगणी वसली. साताऱ्यातला कॅम्प, सदर बझार हा भाग तर आपल्या रोजच्या पायाखालचा. तिथल्या लोकांना बाटली रिकामी झाली की टाकून देणं परवडत होतं.

त्या बाटल्या वाचायला शिकलं की केवढं सांगतात! अंड्यासारख्या गोल बुडाच्या बाटल्या घ्या. त्या उभ्या राहतच नाहीत, आणि मुद्दामच तशा केलेल्या. आडवी ठेवली की आतलं पाणी बुचाला भिजत ठेवतं, बूच सुकून आकसत नाही आणि सोड्यातला वायू कोंडून राहतो. मग हायरम कॉड नावाच्या इंग्रजानं १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला बूचच काढून टाकलं आणि मानेत काचेची गोळी बसवली. वायूचा दाब गोळीला वरच्या रबरी कड्यावर दाबून धरतो. मानेतले खळगे ओतताना गोळीला अडवतात. हीच आपली जत्रेतली गोळीची बाटली. गोट्यांसाठी पोरांनी इतक्या फोडल्या की जुनी अख्खी मिळाली तर खरंच जपून ठेवावी.

विषाच्या बाटलीवर उभ्या रेघा किंवा उठाव असायचे आणि काच बहुधा गडद निळी किंवा हिरवी, म्हणजे रात्री अंधारात कपाटात हात घातला तरी बोटांना कळावं. साच्याच्या जोडाची रेघ तोंडाच्या काठापर्यंत सलग गेली असेल तर ती बहुतेक यंत्रावर केलेली. ओवेन्सचं बाटल्यांचं स्वयंचलित यंत्र १९०३ च्या सुमाराचं. म्हणून "दीडशे वर्षं जुनी" असं सांगून कुणी सलग रेघेची बाटली विकत असेल तर पैसे खिशातच ठेवा. कधी फिकट जांभळी झाक आलेली काच दिसते. काच स्वच्छ दिसावी म्हणून तिच्यात मँगनीज घालत, आणि वर्षानुवर्षं ऊन खाऊन ती जांभळी होते.

आता आपल्या स्वतःच्या काचेबद्दल. याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. १९१६ साली औंध संस्थानाच्या आश्रयानं ओगल्यांचा काच कारखाना उभा राहिला. त्याच्या नावानं ओगलेवाडी झाली, जिथं आज कराडचं रेल्वे स्टेशन आहे. कंदिलाच्या काचा परदेशातून यायच्या त्या दिवसांत हा स्वदेशी कारखाना आपल्या जिल्ह्यात चालला. पुढं त्यांचा प्रभाकर कंदील घरोघरी गेला. विलायती सोड्याच्या बाटलीला बोली लागते, आणि ओगल्यांची कंदिलाची काच, तळाशी फुटलेला कंदील वाडा पाडताना राडारोड्यात जातो. कुणी वाकून बघतसुद्धा नाही. पुण्यात केळकरांनी अडकित्ते, वज्र्या, दिवे जमवले म्हणून आज ते बघायला तरी मिळतात. तसं काम आपल्याकडं काचेसाठी व्हायला हवं आणि ते शाळेतली मुलंही करू शकतात.

कायद्याचंही बघा. १८७८ चा निखात निधीचा, म्हणजे जमिनीत पुरलेल्या धनाचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची कुठलीही वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणं शंभर वर्षांपलीकडची वस्तू पुरावस्तू ठरू शकते, ती परदेशात पाठवता येत नाही. महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, वनखात्याच्या जमिनीत तर कुदळ लावायचीच नाही. आणि खाजगी जागा असली तरी मालकाला विचारल्याशिवाय खड्डा खणणं म्हणजे चोरीच.

पांढरीच्या टेकाडाला मात्र हात लावू नका, हे मी हात जोडून सांगतो. ओसाड गावाची ती राखेसारखी माती शेतात टाकायला लोक आधीच ट्रॉल्या भरून नेतात. तिच्यात मडक्यांच्या खापऱ्या, मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे थरावर थर बसलेले असतात. खालचा थर जुना, वरचा नवा, तज्ज्ञ काळ लावतात तो त्याच क्रमावर. गुप्तधनाच्या आशेनं एका रात्रीत कुणी आडवातिडवा खड्डा मारला की तो क्रम संपला. तो परत लावता येत नाही, कितीही पैसा ओतला तरी. नांगराला आलेली खापरी उचलून बघा, फोटो काढा, पण खणायचं काम पुरातत्त्ववाल्यांचं.

बंगल्यामागच्या, वाड्याच्या परड्यातल्या शे-सव्वाशे वर्षांच्या कचऱ्यात परवानगी घेऊन शोधत असाल, तर एवढं करा. वस्तू मातीत असतानाच शेजारी पट्टी ठेवून फोटो घ्या. गाव, जागा, खोली, सोबत काय निघालं ते वहीत लिहा आणि तोच नंबर वस्तूच्या पिशवीवर टाका. फुटके तुकडेही घ्या, बशीच्या तळाचा शिक्का बहुतेक वेळा फुटक्यावरच मिळतो. हातात जाड मोजे, पायात बूट, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असू द्या. कंबरेपेक्षा खोल खड्ड्यात उतरू नका, भुसभुशीत राख-माती कधी ढासळेल सांगता येत नाही. बूच लावलेली भरलेली बाटली सापडली तर उघडून वास घेऊ नका.

कराड, सातारा, वाई, सांगली, कुठंही कुणाच्या माळ्यावर किंवा परड्यात ओगलेवाडीची काच असेल, अगदी तडकलेलीसुद्धा, तर फोटो आणि ती कुठून आली ते खाली लिहा. गावाप्रमाणं यादी करायला मी सुरुवात केली आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहिलंत तर फारच बरं.