सह्या झाल्यावर घरमालकाने शब्द फिरवला तर

पुण्यात मे-जून आला की ही तक्रार हमखास कानावर येते. करारावर सह्या झालेल्या असतात, अनामत रक्कम दिलेली असते, जुने घर सोडण्याची नोटीसही देऊन झालेली असते आणि सामान हलवायच्या तोंडावर घरमालक फोन करून सांगतो की, घर आता द्यायचे नाही. अनामत परत मिळाली म्हणजे सुटलो, असे बहुतेक भाडेकरू मानतात. मला हे मुळीच पटत नाही.

आपल्याकडे राहत्या घरांचे बहुतेक करार भाडेपट्ट्याचे नसून लिव्ह अँड लायसन्सचे असतात. भाडेपट्ट्याने जागेत हक्क निर्माण होतो, तर लायसन्सने केवळ वापराची परवानगी मिळते आणि १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याच्या कलम ६० नुसार ती सर्वसाधारणपणे काढून घेता येते. घरमालक आणि एजंट एवढेच ऐकवतात. मात्र त्याच कायद्याचे कलम ६३ राहणाऱ्याला सामानासह बाहेर पडण्यासाठी वाजवी मुदत देते आणि पैसे मोजून घेतलेली परवानगी, राहणाऱ्याचा दोष नसताना, पुरती उपभोगण्याआधीच मालकाने त्याला बाहेर काढून संपवली, तर कलम ६४ नुसार त्याला भरपाई मागता येते. ताबाच मिळाला नसेल, तर १८७२ च्या करार कायद्याचे कलम ७३ आहे: करार मोडल्यामुळे ओघाने झालेले नुकसान मोडणाऱ्याने भरून द्यायचे. एजंटची दलाली, टेम्पोचा आगाऊ दिलेला पैसा, घाईने महाग घर घ्यावे लागल्याने पडलेला फरक, हे सारे त्यात मागता येते. त्यासाठी पावत्या हव्यात आणि नकारही फोनवर न ऐकता लेखी मागून घ्यायला हवा.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार असा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे. ती जबाबदारी घरमालकाची आहे आणि करार नोंदवलेला नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज आपल्या राज्यात चुकीचा आहे.

मला खरा राग येतो तो लॉक-इनच्या कलमाचा, म्हणजे ठरावीक मुदतीआधी करार मोडता येणार नाही, या अटीचा. अनेक मसुद्यांत ते फक्त भाडेकरूला बांधते. मालकाने मध्येच करार मोडला तर काय, याबद्दल मसुदा गप्प असतो. दोघांनाही सारखीच मुदत, सारखीच नोटीस आणि मालकाने मोडल्यास द्यायची ठरावीक रक्कम, एवढे तीन मुद्दे लिहून घेतल्याशिवाय भाडेकरूने अनामत देऊ नये.