शंभर टक्के

सध्या आमच्या घरात दोन शेतं आहेत. एक सातारा जिल्ह्यातलं, आबा कसतात ते. दुसरं माझं, लॅपटॉपमधलं. आबांच्या शेतात मृग कोरडा गेलाय आणि पेरणी खोळंबलीय. माझ्या शेतात मात्र कोपऱ्याकोपऱ्यात स्प्रिंकलर आहेत आणि सोसायटीचं कर्ज शून्य.

खेळाचं नाव 'स्टारड्यू व्हॅली'. २०१६ साली आला. एरिक बॅरोन नावाच्या एकट्या माणसाने चित्रं, संगीत, कोड सगळं स्वतःच केलं. सुरुवात अशी की कंपनीतल्या नोकरीला विटलेला माणूस आजोबांच्या शेतावर राहायला जातो. हा खेळ मी कंपनीतून विटून घरी आल्यावर खेळतो. माझ्या आजोबांचं, म्हणजे आबांचं, शेत चार तासांवर आहे, तिकडे दिवाळीला जातो.

पहिले दोन महिने मजेत गेले. कोबी लावला, कोंबड्या पाळल्या, नदीकाठी उगाच बसलो. मग एका रात्री अचीव्हमेंटची, म्हणजे खेळात ठरावीक कामं पुरी केल्यावर मिळणाऱ्या बिल्ल्यांची, यादी उघडली, आणि त्या रात्रीपासून मी नदीकाठी उगाच बसलेलो नाही. एकूण एक पदार्थ रांधायचा. शेतातला प्रत्येक जिन्नस एकदा तरी विकायचा. सगळ्या जातींचे मासे पकडायचे. स्टीमवर, म्हणजे खेळ विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, प्रत्येक बिल्ल्याखाली तो किती टक्के लोकांना मिळालाय तेही लिहिलेलं असतं. टक्केवारी दिसली की दहावीच्या निकालावर वाढलेल्या माणसाचं काय होतं, ते मी सांगायला नको.

सर्वांत वाईट प्रकार गावातल्या गुत्त्यात आहे. तिथे एक व्हिडिओ गेमचं यंत्र ठेवलंय. त्यातला गुराख्याचा खेळ एकदाही न मरता पुरा केला की बिल्ला. म्हणजे मी ऑफिसातून येऊन शेतकरी होतो, शेतकरी शेत टाकून गुत्त्यात जातो, आणि गुत्त्यात व्हिडिओ गेम खेळतो. मी तिथे इतक्यांदा मेलो की एकदा बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, "अरे, कोण गेलं?"

१९८० च्या दशकात अ‍ॅक्टिव्हिजन कंपनीला टीव्हीच्या पडद्याचा फोटो पोस्टाने धाडला की चांगल्या स्कोअरबद्दल कापडी बिल्ला यायचा. तो शर्टावर शिवता तरी येई. मला काय मिळतं? पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकोन उगवतो आणि मी चष्मा लावेपर्यंत मावळतो.

बायको म्हणते, हे व्यसन आहे. मी म्हणतो, छंद. माझी आजी चातुर्मासात लाख वाती करायची. शंभराच्या जुड्या बांधून डब्यात मोजून ठेवायची, आणि मोजताना कुणी हाक मारली तर जी नजर टाकायची, तीच नजर मी मासा गळाला लागल्यावर टाकतो. आजीला कुणी समुपदेशकाकडे नेलं नाही. "आजी वाती देवाला लावायच्या," बायको म्हणाली. "तुझे मासे कुठे जातात?" विकतो, असं म्हणणार होतो, पण कशात विकतो हे तिने विचारलं असतं.

शेवटी मी जागतिक आरोग्य संघटनेलाच पंच नेमलं. त्यांच्या आजारांच्या यादीत 'गेमिंग डिसऑर्डर' आहे, क्रमांक ६ सी ५१. २०२२ पासून ती यादी लागू आहे. लक्षणं तीन: खेळण्यावर ताबा उरत नाही, बाकीच्या कामांपेक्षा खेळ पुढे येतो, आणि नुकसान दिसत असूनही खेळणं चालूच राहतं. शिवाय हे साधारण बारा महिने चाललेलं हवं. वाचल्यावर माणसाला काळजी वाटायला हवी. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की आठ झाले, चारच राहिले.

आता माझा एकच मासा उरलाय, 'लेजंड'. तो फक्त वसंतात, फक्त पावसात, डोंगरातल्या तळ्यात मिळतो. तिथला वसंत अठ्ठावीस दिवसांचा, आणि यंदा माझ्याही गावात ऊन पडलेलं. पण त्या खेळात पर्जन्य-टोटेम नावाची वस्तू असते. ती वापरली की दुसऱ्या दिवशी पाऊस. (ही गोष्ट मी आबांना सांगितलेली नाही. दोन दिवस त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं असतं.)

काल रात्री टोटेम वापरला आणि तेवढ्यात फोन वाजला.

"काय करतुयास?"

"काम."

"उद्या पाऊस हाय का बघ की तुज्या त्या कम्प्युटरवर. बियाणं आणून ठिवलंय."

माझी नजर पडद्यावर होती. "शंभर टक्के आहे, आबा."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग आबा म्हणाले, "हवामान खातंबी येवढं खात्रीनं बोलत न्हाई. कुठं बघितलंस?"

बायको दारात उभी होती. लॅपटॉप त्याच क्षणी मिटायला हवा होता हे मलाही कळत होतं. पण त्या खेळात माणूस अंथरुणावर जाऊन झोपल्याशिवाय काहीच सेव्ह होत नाही, आणि माझं घर तिथून बरंच लांब होतं.

"थांबा आबा," मी म्हणालो, "परत एकदा बघून सांगतो."