टोनी बेन : खासदारकीच्या वर्षांचा हिशेब

ब्रिटनच्या मजूर पक्षाचे नेते टोनी बेन यांच्यावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया बारकाईने वाचली. लेखातला ‘51 वर्षे खासदार’ हा आकडा फुगवलेला आहे, बेन यांनी वारशाने आलेलं उमरावपद सोडणं हा निव्वळ देखावा होता आणि एवढे ज्येष्ठ होते तर ‘फादर ऑफ द हाउस’ (कॉमन्स सभागृहातल्या सर्वांत ज्येष्ठ खासदाराचा मान) का झाले नाहीत, असं तुमचं म्हणणं.

आकड्याबाबत तुमचं बरोबर आहे. 1950 ते 2001 हा नुसता पल्ला झाला. मधले दोन खंड (1960 ते 63 आणि 1983 ते 84) वजा केले की सुमारे 47 वर्षे उरतात.

पण देखावा? हे मला अजिबात पटत नाही. 17 नोव्हेंबर 1960 रोजी बेन यांचे वडील, लॉर्ड स्टॅन्सगेट, वारले (हेच 1929 ते 31 भारतमंत्री होते). त्या क्षणी बेन आपोआप व्हायकाउंट (उमरावांचा एक दर्जा) झाले आणि उमरावाला कॉमन्समध्ये बसता येत नसल्याने त्यांची ब्रिस्टल साउथ ईस्टची जागा गेली. पद नाकारायची सोयच कायद्यात नव्हती. मे 1961 च्या पोटनिवडणुकीत ते 23,275 विरुद्ध 10,231 मतांनी जिंकले. तरी निवडणूक न्यायालयाने जागा हरलेल्या माल्कम सेंट क्लेअर यांना दिली. कारण बेन अपात्र आहेत हे मतदारांना आधीच ठाऊक होतं! 31 जुलै 1963 ला उमरावपद सोडण्याची मुभा देणाऱ्या पीअरेज अ‍ॅक्टला राजमान्यता मिळाली आणि त्याच संध्याकाळी 6 वाजून 22 मिनिटांनी बेन यांनी पद सोडलं. कायदा बदलला तर जागा सोडेन हा शब्द पाळून सेंट क्लेअर यांनी ती रिकामी केली, 20 ऑगस्टला बेन पुन्हा निवडून आले. या कायद्यानुसार पुढे, 1999 पर्यंत, खासदाराला वारसा आल्यावर एक महिन्यात लॉर्ड चॅन्सेलर या मंत्र्याकडे लेखी त्यागपत्र द्यावं लागे, इतरांना बारा महिने मिळत. एकदा सोडलेलं पद परत घेता येत नाही. ते फक्त त्या व्यक्तीपुरतं सुटतं. म्हणूनच 2014 मध्ये बेन गेल्यावर थोरला मुलगा स्टीफन व्हायकाउंट झाला. ऑक्टोबर 1963 मध्ये अ‍ॅलेक डग्लस-होम पंतप्रधान झाल्यावर कॉमन्समध्ये आले तेही याच वाटेने.

‘फादर’ ठरतो सलग सेवेवरून, पहिल्या निवडीवरून नाही. 1983 ला मतदारसंघांची फेररचना झाली, बेन यांचा मतदारसंघच नाहीसा झाला, ब्रिस्टल ईस्टमध्ये ते हरले. 1 मार्च 1984 ला चेस्टरफील्डमधून परतले तेव्हा मोजणी पुन्हा शून्यापासून. माजी पंतप्रधान एडवर्ड हीथ मात्र फेब्रुवारी 1950 पासून सलग खासदार होते, म्हणून ‘फादर’ ते ठरले. दोघांची सेवा सारखीच भरली तर शपथ आधी कोणी घेतली ते पाहतात. केनेथ क्लार्क आणि डेनिस स्किनर दोघेही 1970 मध्ये निवडून आलेले, पण ‘फादर’ होण्यात क्लार्क पुढे गेले ते त्यामुळेच.

आकडा मूळ लेखात दुरुस्त करतो.