‘छोट्या अ‍ॅम्पनं मोठे स्पीकर जळतात’: मामांच्या फोनवर आलेल्या मेसेजला उत्तर

गुरुवारी सकाळी मंगळवार पेठेतून मामांचा फोन आला. "स्पीकर काढून टाकतोय. एकजण दोन्हीचे चार हजार देतो म्हणतोय." हे स्पीकर म्हणजे क्लिप्श या अमेरिकन कंपनीच्या हेरसी मॉडेलची जोडी. थोरल्या मामांनी १९८२ साली मस्कतहून परतताना आणलेली. गेल्या दिवाळीत मीच त्यांना अडीच हजारांचा छोटा अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे स्पीकरला ताकद पुरवणारं यंत्र) जोडून दिला आणि तेव्हापासून रोज संध्याकाळी त्यावर मल्लिकार्जुन मन्सूर चालू असतात. मग एकदम काय झालं? तालमीच्या ग्रुपवर मेसेज आला होता. तो असा:

"सावधान! जुन्या मोठ्या स्पीकरला छोटा चायना अ‍ॅम्प लावू नका. स्पीकर १०० वॅटचा असेल तर अ‍ॅम्प २०० वॅटचा पाहिजे. मोठा बॉक्स जास्त वॅट खातो. कमी वॅटचा अ‍ॅम्प डीसी करंट सोडतो आणि कॉइल जळते. वीस वर्षांत मॅग्नेट मरतो. जुने बॉक्स वेळीच विका."

एवढ्या पाच-सहा ओळींवर विश्वास ठेवून माणसं चाळीस वर्षं जपलेली वस्तू विकायला निघतात, याचा मला खरंच राग आला आहे.

आधी ‘मोठा बॉक्स जास्त वॅट खातो’ हे बघू, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे आणि ते साफ उलटं आहे. स्पीकरवर लिहिलेले वॅट म्हणजे तो किती सोसतो याचा आकडा. त्याला किती लागतात ते त्यातून कळत नाही. ते कळतं सेन्सिटिव्हिटीवरून, म्हणजे एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज येतो त्यावरून. हेरसीचा हा आकडा ९६ आहे. आजच्या शेल्फवर मावणाऱ्या स्पीकरचा साधारण ८६ असतो. दहा डेसिबलचा फरक म्हणजे दहापट वॅट. मामांच्या स्पीकरला जिथं एक वॅट पुरतो, तिथं नव्या लहान बॉक्सला दहा लागतात.

हे असं का, तेही सांगतो. १९३२ साली प्रभातनं कोल्हापुरात पहिला मराठी बोलपट काढला, तेव्हाच्या थिएटरांतले व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर आजच्या मानानं मोजक्याच वॅटचे असत. त्यांच्यावर अख्खं सभागृह भरायचं, म्हणून स्पीकरच तसे करायचे: हलका कागदी कोन, जबरदस्त मॅग्नेट, मोठी पेटी, पुढे हॉर्न. पॉल क्लिप्श यांनी १९५७ मध्ये हेरसी काढला तो याच विचारातून. त्याच्या तीन वर्षं आधी, १९५४ मध्ये, एडगर विल्चर यांचा एआर-१ आला होता. त्यांनी छोट्या बंद पेटीतून खोल बास काढून दाखवला, पण त्याची किंमत वॅटमध्ये मोजावी लागली. पुढे ट्रान्झिस्टरमुळे वॅट स्वस्त झाले आणि सगळा बाजार छोट्या पेटीकडे वळला. मेसेज लिहिणाऱ्यानं या छोट्या पेटीचा नियम मोठ्या पेटीला लावला आहे.

आता डीसीची, म्हणजे एकाच दिशेनं वाहणाऱ्या करंटची गोष्ट. मामा घाबरले ते यालाच. अ‍ॅम्पच्या ताकदीबाहेर व्हॉल्यूम नेला की आवाज फाटतो, म्हणजे लाटेचा वरचा आणि खालचा शेंडा कापला जातो. दोन्हीकडून सारखाच कापला जातो, त्यामुळे सरासरी शून्यच राहते. तो डीसी नव्हे. शिवाय ट्वीटरच्या (वरचे, बारीक सूर काढणाऱ्या छोट्या स्पीकरच्या) वाटेवर कपॅसिटर असतो. तो बास अडवतो आणि डीसी तर जाऊच देत नाही. बारा व्होल्टच्या अ‍ॅडॅप्टरवर चालणारा अ‍ॅम्प आठ ओमच्या स्पीकरला जास्तीत जास्त नऊ वॅट देऊ शकतो. लाट पूर्ण चौकोनी होईपर्यंत फाडली तरी त्याची दुप्पट, अठरा. अठरा वॅटनं शंभर वॅट सोसणारा वूफर, म्हणजे बासचा मोठा स्पीकर, जळेल कसा?

एक गोष्ट मात्र मला मान्य करावी लागते. फाटलेल्या आवाजानं ट्वीटर जातात, हे खरं आहे. ऑडिओ उपकरणं बनवणाऱ्या रेन कंपनीच्या १२८ क्रमांकाच्या टिपणात याचं कारण नीट मांडलेलं आहे आणि ज्याला वाद घालायचा असेल त्यानं आधी ते वाचावं. बास आणि तबल्याचे ठोके अ‍ॅम्पच्या ताकदीच्या छताला टेकले की त्यांची वाढ थांबते. व्हॉल्यूम आणखी वाढवला की बारीक, वरचे सूर मात्र वाढतच राहतात. ट्वीटर मुळात थोडेच वॅट सोसतो, त्याच्या वाट्याला सरासरीनं कितीतरी जास्त येतात आणि तो जळतो. म्हणजे दोष कमी वॅटचा नाही, फाटलेला आवाज ऐकूनही बटण पिळत राहणाऱ्या हाताचा आहे. गणपतीत घरच्या सिस्टिमवर गल्ली हलवायला निघालात तर ट्वीटर जाईल. पण बारा बाय चौदाच्या खोलीत बसून मन्सूर ऐकणाऱ्याचा याच्याशी काय संबंध?

दुप्पट वॅटचा अ‍ॅम्प घेतला तर आवाज फक्त तीन डेसिबल वाढतो, आणि चुकून वायर निसटली किंवा बटण पूर्ण फिरलं तर खरा धोका त्या २०० वॅटचाच.

‘चायना अ‍ॅम्प’ हा शब्द तुच्छतेनं वापरला आहे. आतली चिप महत्त्वाची. ट्रायपाथ कंपनीची टीए२०२० ही असल्याच छोट्या अ‍ॅम्पमधली चिप. आयईईई स्पेक्ट्रम या इंजिनिअरांच्या मासिकानं २००९ मध्ये जग हलवणाऱ्या २५ चिपांत तिला घेतलं. डब्यावर छापलेले ‘२०० वॅट’ मात्र खोटे असतात, ते सोडून द्या.

मॅग्नेट वयानं मरत नाही. जोरदार आपटला, उघडून वेगळा केला तर क्षीण होऊ शकतो. वयानं जातात ते क्रॉसओव्हरमधले (बास आणि वरचे सूर वेगळे करणाऱ्या सर्किटमधले) काही कपॅसिटर आणि कोनाभोवतीच्या फोमच्या कडा. कागदी किंवा कापडी कडा टिकतात.

खरी काळजी घ्यायची असेल तर दोन गोष्टींची घ्या. मेसेजात त्यांचा पत्ताच नाही. या छोट्या अ‍ॅम्पमधे बहुतेक वेळा स्पीकरच्या दोन्ही तारा जिवंत असतात. दोन स्पीकरच्या काळ्या तारा एकमेकींना जोडू नका, अर्थिंगलाही लावू नका, अ‍ॅम्प जाईल. जुन्या घरात दोन स्पीकरना मिळून काळी तार सामाईक ठेवून तीनच तारा टाकलेल्या असतील तर त्या बदला. आणि संवेदनशील स्पीकरवर अ‍ॅम्पची सुरसुर जास्त ऐकू येते. मामांच्या हॉर्नला कान लावला तर येते, खुर्चीवर बसलं की येत नाही.

रविवारी मी मल्टीमीटर घेऊन गेलो. मन्सूरांची रेकॉर्ड लावली आणि मामी स्वयंपाकघरातून "जरा कमी करा की" म्हणाल्या, त्या आवाजावर स्पीकरच्या टोकांना मीटर लावला. गाण्याचं माप मीटर नेमकं दाखवत नाही, पण अंदाज येतो: काटा एक व्होल्टच्या आतबाहेर. आठ ओमवर एक व्होल्ट म्हणजे वॅटचा आठवा भाग. तानेच्या उसळीला वीसपट धरलं तरी अडीच वॅट. मामांनी आकडा दोनदा विचारला आणि त्या माणसाला फोन करून "नाही द्यायचे" म्हणून सांगितलं.

तालमीच्या ग्रुपात आणखी दोघांकडे जुने मोठे बॉक्स आहेत, मला माहीत आहे. विकायच्या आधी मला फोन करा. मी मीटर घेऊन येतो.