स्टोक पार्क: ‘राजाचा महाल’, लंडनचं बिऱ्हाड आणि इतर पुड्या

‘अंबानींनी ब्रिटिश राजघराण्याचा ९०० वर्षं जुना गोल्फ क्लब विकत घेतला. आता बिऱ्हाड लंडनला. अमेरिकेतलं ऑगस्टाचं गोल्फ मैदान म्हणजे याचीच नक्कल. बाँडचं शूटिंगही इथलंच. आपला लुटलेला पैसा वसूल!’ या वळणाचे मेसेज २०२१पासून फिरताहेत. परवा आमच्या नात्यातल्या ग्रुपवर एक पुन्हा उगवला, खाली अंगठ्यांची रांग. एका मेसेजमध्ये इतक्या थापा बसवणं हीसुद्धा कलाच म्हणायची.

बिऱ्हाडाचं आधी उरकून टाकू. एप्रिल २०२१मध्ये रिलायन्सने ५ कोटी ७० लाख पौंडांना घेतली ती स्टोक पार्कचं हॉटेल आणि क्लब चालवणारी कंपनी. ज्या ४९ खोल्यांचं इतकं कौतुक झालं, त्या हॉटेलच्या खोल्या. नोव्हेंबरमध्ये कंपनीनेच जाहीर केलं की अध्यक्ष आणि त्यांचं कुटुंब लंडनला किंवा आणखी कुठे राहायला जाणार नाही. आणि स्टोक पार्क ज्या गावात आहे ते स्टोक पोजेस लंडनात नाहीच, ते बकिंगहॅमशायरमध्ये, स्लाऊच्या शेजारी आहे.

राजघराणं? जवळच्या जुन्या मॅनर हाऊसमध्ये (जहागीरदाराच्या वाड्यात) १६४७मध्ये राजा पहिला चार्ल्स मुक्कामाला होता खरा, पण कैदी म्हणून. फोटोतला पांढरा घुमटाचा वाडा त्यानंतर दीडशे वर्षांनी उभा राहिला. तो बांधला जॉन पेनने, म्हणजे पेनसिल्व्हेनिया वसवणाऱ्या विल्यम पेनच्या नातवाने. अमेरिका स्वतंत्र झाली, पेन घराण्याच्या जमिनी गेल्या आणि पेनसिल्व्हेनियाने त्यांना १ लाख ३० हजार पौंड भरपाई दिली. वाड्याला लागलेला पैसा त्यातला. तेव्हा वसुलीच करायची तर पहिला हक्क अमेरिकेचा.

९०० वर्षं ही त्या जहागिरीच्या इतिहासाची. गोल्फ तिथे आला १९०८मध्ये. निक लेन जॅक्सन नावाच्या गृहस्थाने (कोरिंथियन फुटबॉल क्लबही याचाच) ही जागा घेतली आणि कोर्स आखायला हॅरी कोल्टला बोलावलं. माझ्या मते खरी गंमत इथे आहे आणि मेसेजमध्ये तिचा पत्ताच नाही. खरा गोल्फ समुद्रकाठच्या वाळूवर, म्हणजे लिंक्सवर, असा तेव्हा पक्का समज. कोल्टला मिळाली आयती बाग: केपेबिलिटी ब्राऊन आणि नंतर हम्फ्री रेप्टन यांनी अठराव्या शतकात घडवलेली. लांबलचक गवत, मधूनमधून झाडांचे पुंजके, पाणी. जमीनदाराला खिडकीतून दिसावं म्हणून रचलेलं दृश्य चेंडू मारायला सोयीचं निघालं. पार्कलँड कोर्स म्हणतात तो हा. विक्रीच्या वेळी भोकं २७ होती, पण एका डावात २७ खेळायची नसतात. कोल्ट, अ‍ॅलिसन आणि लेन जॅक्सन अशा नऊ-नऊच्या तीन फेऱ्या होत्या, त्यातल्या दोन जोडल्या की १८.

ऑगस्टाच्या थापेत मात्र खऱ्याचा एक कण आहे. ऑगस्टाचं बारावं भोक स्टोक पार्कच्या सातव्यावरून बेतलं असं क्लब स्वतः सांगत आला आहे. दोन्हीकडे पार तीन (म्हणजे तीन फटक्यांत संपवायचं भोक), समोर पाणी आणि पलीकडे तिरकं ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीची बारीक कापलेली हिरवळ. ग्रीन तिरकं असल्यामुळे चेंडू जरा बाजूला गेला की लागणारं अंतरच बदलतं, आणि हात आखडला की डुबुक. ऑगस्टा आखणारा अ‍ॅलिस्टर मॅकेन्झी एके काळी कोल्टचा भागीदार होता, त्यामुळे गोष्ट अशक्य नाही. पण तिथे १८पैकी एका भोकाची गोष्ट आहे. ऑगस्टा आखताना मॅकेन्झी आणि बॉबी जोन्स यांच्या डोळ्यांपुढे होतं ते स्कॉटलंडमधलं सेंट अँड्र्यूज, तेही लिंक्सच.

बाँडचं खरं आहे. कादंबरीतला बाँडचा गोल्फचा सामना समुद्रकाठच्या लिंक्सवर रंगतो, १९६४च्या ‘गोल्डफिंगर’मध्ये तो इथल्या झाडीत आला. पाइनवुड स्टुडिओ इथून जवळच. आणि खलनायकाचा नोकर टोपी फेकून ज्या पुतळ्याचं मुंडकं उडवतो, तो उभा असतो याच पांढऱ्या वाड्यापुढे.