‘नुसतं सान्वा टाक’ म्हणणाऱ्यांनो, आधी भोकाचं माप घ्या

"जुनी अमेरिकन स्टिक आहे ना? मग आतलं सगळं काढ आणि सान्वा टाक. दहा मिनिटांचं काम आहे." स्टिक म्हणजे लिव्हर आणि बटणं बसवलेली आर्केड पेटी, आणि सान्वा ही असे पार्ट बनवणारी जपानी कंपनी. हे वाक्य ऐकलं की आता माझ्या डोक्यात तिडीक जाते. फायटिंग गेम खेळणाऱ्या कुठल्याही माणसाला विचारा, हेच उत्तर मिळतं, आणि तेही छातीठोकपणे. यातल्या किती जणांनी जाड लाकडाची अमेरिकन पेटी स्वतः उघडून पाहिली आहे? उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं?

माझ्याकडची पेटी म्हणजे इथे अमेरिकेत गराज सेलला हमखास दिसणारा प्रकार. दोन जणांना बसेल एवढी रुंद, वजनाला दणदणीत, वर बॅटसारख्या मुठीच्या दोन लिव्हर आणि मधे खोलगट असलेली मोठी बटणं. पेटी भक्कम आहे, टेबलावर तसूभर हलत नाही. मला त्यावर स्ट्रीट फायटर खेळायचं आहे, लिव्हर हलकी हवी आहे आणि बटण टेकवताक्षणी लागलं पाहिजे. ही काही फार मोठी मागणी नाही.

आता गणित बघा. अमेरिकन बटणाचं भोक असतं एक पूर्णांक एक अष्टमांश इंच, म्हणजे साधारण २८.६ मिलिमीटर. सान्वाच्या ओबीएसएफ-३० बटणाला भोक लागतं ३० मिलिमीटरचं. फरक दीड मिलिमीटरच्याही आतला. पण त्या एवढ्याशा फरकामुळे बटण भोकावर नुसतं बसून राहतं, आत जातच नाही. बरं, सान्वाचं २४ मिलिमीटरवालं छोटं बटण घ्यावं, तर ते त्याच भोकातून सरळ खाली पेटीत पडतं. म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर.

"मग भोक मोठं कर ना!" हो, करतो. कशाने? होल सॉ म्हणजे ड्रिलला लावायची गोल करवत, तिच्या मधोमध एक छोटं ड्रिल बिट असतं, ते आधी लाकडात रुतून बसतं आणि मग भोवतीचे दात सरळ गोल कापतात. इथे मधोमध लाकूडच नाही! तिथे आधीचं भोक आहे. बिट हवेत फिरतं, दात कडेला लागतात आणि सगळं यंत्र पेटीच्या वरच्या पॅनेलवर थयथयाट करत सुटतं. वरचा चकचकीत लॅमिनेट क्षणात टवका उडून पांढरा पडतो. हे टाळायचं तर आधी प्लायच्या तुकड्याला योग्य मापाचं भोक पाडायचं, तो तुकडा पॅनेलवर अचूक मध्य साधून क्लॅम्पने आवळायचा आणि त्याच्या आधाराने कापायचं. नाहीतर रोटरी टूलला सँडिंग ड्रम लावून कड घासत बसायचं, एमडीएफचा पिवळट भुसा नाकातोंडात घेत. आणि हे एका बटणाला नाही, एका खेळाडूची सहा तरी बटणं असतात. शिवाय इथल्या हार्डवेअरच्या दुकानात ३० मिलिमीटर म्हटलं की समोरचा माणूस तोंडाकडे बघत राहतो. तिथे मागायचं एक पूर्णांक तीन षोडशांश इंच. कुठे गेली ती दहा मिनिटं?

समजा भोकं झाली. तरी संपत नाही. सान्वाचं ते बटण खटकन बसणारं आहे, त्याच्या बाजूचे प्लॅस्टिकचे कान पातळ पत्र्याच्या पॅनेलखाली जाऊन अडकावेत म्हणून केलेले. माझं पॅनेल पाऊण इंचाचं, म्हणजे १९ मिलिमीटर जाड. कान अडकणार कुठे? ते लाकडातच चेपून बसतात आणि जोरात खेळताना बटण हळूहळू वर यायला लागतं. नटवालं बटण घ्या म्हणतात. त्याचे आटे एवढ्या जाडीतून खाली पोचतच नाहीत, नट लावणार कशाला? अमेरिकन बटणाचा दांडा उगाच लांबलचक नव्हता. तो या जाड लाकडासाठीच तसा होता.

लिव्हरचीही तीच कथा. सान्वाची जेएलएफ लिव्हर अशा जाड पॅनेलखाली जशीच्या तशी लावली तर तिचा दांडा बहुतेक लाकडातच संपतो आणि मुठीच्या जागी असलेला गोळा जवळजवळ पॅनेलला टेकतो. म्हणजे खालून राउटरने लाकूड कोरून खळगा करायचा, मग त्यात प्लेट बसवायची. जुन्या लिव्हरचे बोल्ट जिथून यायचे त्या भोकांशी नव्या प्लेटची भोकं बहुतेक वेळा जुळत नाहीत, म्हणून पुन्हा नवी पाडायची आणि जुनी बुजवायची. कुणी सुचवतं, जुनी लिव्हर राहू दे, नुसती वरची मूठ काढून गोळा लाव. अहो, सान्वाच्या दांड्याला वर आटे असतात म्हणून गोळा फिरवून निघतो. त्या जुन्या अमेरिकन लिव्हरची मूठ आणि दांडा एकच असतो. काढणार काय, कापून?

आणि वायरी! जुन्या बटणाखाली मायक्रोस्विच असतो, म्हणजे दाब ओळखणारा छोटा स्विच. त्याच्या पत्र्याच्या पायांना लागणारे कनेक्टर ४.८ मिलिमीटर रुंदीचे, सान्वाच्या बटणाचे पाय २.८ चे. जुनं कनेक्टर त्यावर ढिलं लटकतं, नीट चिकटत नाही. ऐन सामन्यात बटण मरतं ते त्यामुळे. म्हणजे सगळी टोकं कापून नवी क्रिंप करा. लिव्हरला तर पाच पिनांचा एकच सॉकेट, चार दिशा आणि एक ग्राउंड. जुन्या पेटीत चार वेगळे स्विच, प्रत्येकाला तीन पाय. आत एखादं जुनं गेमपॅड कापून जोडलेलं असेल, तर सगळ्यांचं ग्राउंड एकच आहे की नाही तेही मीटर लावून तपासायचं. हे ‘नुसतं टाक’ म्हणणाऱ्यांपैकी एकानेही सांगितलं नाही.

राग येतो तो याचा की हा सगळा फरक काही गूढ नाही. अमेरिकेतल्या आर्केड यंत्रांपुढे लोक उभं राहून खेळायचे, पिझ्झाच्या दुकानात, बोलिंग ॲलीत, मूठ भरून लिव्हर हाणत. त्यासाठी जाड लाकूड, लांब दांडा, दणकट स्विच. जपानी यंत्रापुढे बसून खेळायचं, पॅनेल पत्र्याचं, लिव्हर बोटांत धरायची. दोन वेगळ्या जागांसाठी घडवलेल्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. शिकागोच्या मिडवेने १९९२ साली मॉर्टल कॉम्बॅट काढला तेव्हा दोन ठोसे, दोन लाथा आणि बरोबर मधोमध ब्लॉकचं बटण अशी मांडणी केली. त्या लोकांनी हाताचा विचार करून बनवलेलं पॅनेल होतं ते. असं अस्सल पॅनेल हाती लागलं आणि कुणी सांगितलं म्हणून त्यावर होल सॉ चालवला, तर मला खरंच वाईट वाटेल. तरी जाता जाता ‘अमेरिकन पार्ट म्हणजे कचरा’ असा शेरा मारणारे आहेतच.

कचरा नाहीत ते. बहुतेक जुन्या पेट्यांत बिघडलेला असतो तो मायक्रोस्विच. खालची दिशा लागत नाही, बटण दोनदा लागतं, हे सगळं त्या छोट्याशा काळ्या डबीचं दुखणं. जुना स्विच काढून नवा बसवायचा, त्याच्या तीन पायांपैकी कॉमनला ग्राउंड आणि नॉर्मली ओपनला, म्हणजे दाबल्यावरच जुळणाऱ्या पायाला, सिग्नल. नॉर्मली क्लोज्डला जोडलात तर हात न लावताच बटण दाबलेलं राहील. हलक्या दाबाचे स्विच मिळतात, तेही त्याच जागेत बसतात. पण हे कुणी सांगत नाही. स्विच गेला म्हणून लिव्हर बदला, लिव्हर बदलली म्हणून पॅनेल कोरा. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

मला जपानी लिव्हर आवडते, हे स्पष्ट सांगतो. क्वार्टर सर्कल, म्हणजे लिव्हरचा पाव गोल, तिच्यावर हलकेच निघतं, अमेरिकन लिव्हरला हात लांब न्यावा लागतो, आणि स्ट्रीट फायटरमधल्या झांगीफ या पात्राच्या डावासाठी पूर्ण गोल फिरवताना मनगटात कळ येते. म्हणूनच तर पेटीत हा बदल, म्हणजे मोड, करायचा आहे. मग सल्ला खरा द्या. जाड पॅनेल न कापता काढून ठेवा, त्याच मापाचा नवा पातळ पत्रा नाहीतर ॲक्रिलिकची शीट सुरुवातीपासून ३० मिलिमीटरची भोकं पाडून कापून घ्या आणि त्याच्या जागी पेटीवर ती बसवा. खर्च होतो, पण जुनं पॅनेल शाबूत राहतं. आतला बोर्डही बदलावा लागणार. त्या जुन्या पेट्यांतले कित्येक बोर्ड पीएस/२ कीबोर्डच्या वायरीवर बोलतात. ते घेऊन २०२३ चा स्ट्रीट फायटर ६ प्लेस्टेशन ५ वर कसा चालेल? पीसीवर खेळणार असाल तर पिको या छोट्या कंट्रोलर बोर्डवर जीपी२०४०-सीई हे फर्मवेअर टाकलं की काम भागतं. कन्सोलसाठी त्या कन्सोलचा बोर्डच घ्या. हेही कुणी आधी सांगत नाही, लोक पार्ट मागवून बसतात आणि मग कळतं.

आणि पार्ट विकणारे! "सर्व आर्केड स्टिकमध्ये बसते." सर्व? हे असं बिनदिक्कत लिहिलेलं मी वाचलंय. बटणाचा फोटो चारही बाजूंनी, रंग बारा, एलईडी चमकताना दाखवलेली, पण भोक किती मिलिमीटरचं लागतं हे कुठेच नाही. पॅनेलची जाडी किती चालते, तेही नाही. विचारलं तर उत्तर येतं, "स्टँडर्ड साइज." कुठलं स्टँडर्ड? इंचातलं की मिलिमीटरमधलं? परत पाठवायचं म्हटलं तर टपालखर्च माझ्या माथी, कारण पाकीट उघडलेलं. बटण भोकात बसतं की नाही हे पाकीट न उघडता कसं कळणार होतं?

दोन आकडे लिहा. भोकाचा व्यास आणि पॅनेलची जाडी. एवढं छापायला किती शाई लागते तुम्हाला?